स्विचचें घड्याळ कसें लावावें



आमच्या गांवाचें नांव नुसतें ‘जळगांव’ असें घेतलें, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खानदेशांतील जळगांव उभें रहातें. म्हणून शेजारच्या जामोद गांवाचें नांव जोडून आम्ही ‘जळगांव जामोद’ अशी आपली ओळख पटवितों. वेळेचेंही असेंच आहे. ‘साडेदहा वाजले’ एवढें म्हणून भागत नाहीं; कोणत्या गांवचे साडेदहा, हेंही सांगावें लागतें. घरांतल्या भिंतीवरील घड्याळापुरता हा प्रश्न आज कोणास पडत नाहीं. परंतु बँकेंत, शाळेंत, दवाखान्यांत अनेक संगणकांच्या तारा ज्या एका यंत्रांत येऊन मिळतात, त्या ‘स्विच’ नांवाच्या यंत्राचें घड्याळ लावूं लागलें कीं हा जुना प्रश्न नव्यानें पुढें येतो. आज त्याच घड्याळाविषयीं बोलावयाचें आहे. पण त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

सूर्य पूर्वेकडील गांवास आधीं भेटतो. रेखांशाच्या एका अंशास चार मिनिटें, हा हिशेब आम्ही भूगोलाच्या तासाला मुलांकडून घोकून घेत असूं. जळगांव जामोद सुमारें ७६.५ अंशांवर आहे, आणि भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांच्या रेखांशावरून घेतलेली आहे. अंतर सहा अंशांचें, म्हणजे चोवीस मिनिटांचें. घड्याळांत बारा वाजून चोवीस मिनिटें होतात, तेव्हां कोठें आमच्या डोक्यावर सरासरीनें मध्यान्ह होते. जुन्या काळीं प्रत्येक गांवाची मध्यान्ह हीच त्या गांवची बाराची वेळ असे. मुंबईचें घड्याळ आमच्या सूर्याच्या मागें पंधरा मिनिटें आणि मद्रासचें पुढें पंधरा मिनिटें. आमचें गांव दोहोंच्या जवळजवळ मधोमध. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचला, आणि पुढें देशांतील रेल्वे व तारखातें मद्रासच्या वेळेनें चालूं लागलें. त्या काळांत आमच्याकडील माणूस सूर्य पाहून नांदुऱ्याच्या स्टेशनावर गेला, तर गाडी पाव तास आधींच निघून गेलेली असे. त्याचा सूर्य खोटा नव्हता आणि स्टेशनमास्तरचें घड्याळही खोटें नव्हतें. दोघांनीं एकमेकांस विचारलेलें नव्हतें, एवढेंच.

मुंबईत या प्रकरणीं चांगलाच वाद माजला. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं तेथें मद्रासची वेळ लागू केली. लोकांनीं ती मनावर घेतली नाहीं आणि १८८३ सालीं ती मागें घ्यावी लागली. पुढें १ जानेवारी १९०६ पासून सर्व हिंदुस्थानासाठीं ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढची प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षां ३९ मिनिटें पुढें होती. त्याच महिन्यांत गिरणीकामगारांनीं काम थांबविलें, दगडफेकही झाली. या प्रकाराला ‘अडाणी हट्ट’ म्हणण्याची पद्धत आहे. मला तें पटत नाहीं. भोंगा ३९ मिनिटें आधीं वाजणार म्हणजे कामगारानें थंडीच्या दिवसांत तितक्याच अधिक अंधारांत उठावयाचें, हें त्याला नेमकें समजलें होतें. स्वातंत्र्यानंतरही कांहीं वर्षें मुंबईत दोन वेळा नांदत होत्या, आणि कोणास भेटीची वेळ देतांना ‘मुंबई टाइम’ कीं ‘स्टँडर्ड टाइम’ हें विचारून घ्यावें लागे.

आतां स्विचकडे वळूं. येथें स्विच म्हणजे दिव्याची कळ असें समजूं नये. ही एक चपटी पेटी असते; तिच्या दर्शनी बाजूस आठ, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस खोबणी असतात आणि प्रत्येक खोबणींत एकेका यंत्राची तार खोंचलेली असते. टपालकचेरींतील सॉर्टर पाकीट न फोडतां, वरचा पत्ता वाचून तें योग्य थैलींत टाकतो. स्विच हेंच काम संगणकांच्या निरोपांसाठीं करतो, आणि तें सेकंदास लक्षावधि निरोप या वेगानें करतो. या वांटपासाठीं त्याला किती वाजले हें ठाऊक असण्याची फारशी गरज नसते. म्हणूनच स्विचच्या घड्याळाकडे कोणी लक्ष देत नाहीं. वर्षानुवर्षें तें चुकीचें चालतें आणि कचेरीचें काम मुळींच अडत नाहीं.

परंतु चांगल्या प्रतीचा स्विच वांटपाबरोबर आणखी एक काम करतो. तो रोजनिशी लिहितो. तिला ‘लॉग’ म्हणतात. अमुक खोबणींतील तार जिवंत झाली, अमुक बंद पडली, कोणी परवलीचा शब्द देऊन आंत शिरला, कोणी तीन वेळां चुकीचा शब्द दिला, कोणी कोणती मांडणी बदलली, अशा नोंदी तींत होतात आणि प्रत्येक नोंदीच्या आरंभीं तारीख व वेळ पडते. कांहीं बिघाड किंवा लबाडी झाल्यावर हीच रोजनिशी साक्षीस काढतात. साक्षीदाराला घटना आठवते पण दिवस आठवत नाहीं, असें झालें तर न्यायाधीश त्या साक्षीचें काय करील?

आमच्या तालुक्यांतील एका संस्थेंत घडलेली गोष्ट सांगतों. नांवाची गरज नाहीं. तेथील हिशेबाच्या संगणकांतील कांहीं माहिती बिघडली. चौकशी सुरू झाली. स्विचची रोजनिशी काढली, तींत सात क्रमांकाच्या खोबणीवर एक परकें यंत्र जोडलें गेल्याची नोंद मिळाली. वेळ पहांटे ५ वाजून १२ मिनिटें. पहांटे इमारतींत रखवालदाराखेरीज कोण असणार? किल्ल्या त्याच्याजवळ. दोन दिवस त्या गरीब माणसाला बसवून ठेवून प्रश्न विचारले, आणि ‘कामावरून कमी करावें’ अशी भाषा सुरू झाली. मला वडीलकीच्या नात्यानें बैठकीस बोलाविलें होतें. तारांची देखभाल करणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. त्यानें त्या आठवड्याचीं सगळीं पानें समोर मांडलीं आणि म्हणाला, “गुरुजी, या यंत्राच्या म्हणण्याप्रमाणें आपली सगळी कचेरी रोज पहांटे पावणेपांचला कामास लागते!” कचेरी उघडते सव्वादहाला. त्या वेळेपर्यंत सर्व संगणक बंद असतात. पावणेपांचांत साडेपांच तास मिळविले कीं सव्वादहा होतात. तोच हिशेब नोंदीस लाविला, तर पहांटेच्या ५-१२ चे सकाळचे १०-४२ झाले. त्या वेळीं दुरुस्तीसाठीं आलेल्या माणसानें आपला संगणक सर्वांदेखत त्या खोबणीस जोडला होता, आणि तें दोघातिघांना आठवलेंही. रखवालदाराची नोकरी राहिली. त्याची माफी मात्र कोणी मागितली नाहीं, हें मला अजून खटकतें.

यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्या स्विचला ‘किती वाजले’ असें विचारलें असतां तो बरोबर वेळ सांगत होता. त्याची रोजनिशी तेवढी जागतिक वेळेनें, म्हणजे ढोबळ मानानें ग्रीनिचच्या वेळेनें लिहिली जात होती, आणि पानावर तसें कोठेंही लिहिलेलें नव्हतें. नुसतें ‘जळगांव’ लिहिलें होतें, असें म्हणा.

आतां घड्याळ लावावयाचें कसें, तें पाहूं. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत शब्द निराळे असतात, पण रीत बहुतेक सारखी. स्विच आपल्या पोटांत जागतिक वेळच ठेवतो; आपणांस दाखवितांना तींत गांवचा फरक मिळवून दाखवितो. म्हणून पहिल्यानें हा फरक सांगावा. सिस्को कंपनीच्या स्विचांत त्यासाठीं ‘क्लॉक टाइमझोन’ अशी आज्ञा आहे, तिच्यापुढें ‘आय. एस. टी.’ हें नांव आणि पांच व तीस हे दोन आंकडे द्यावयाचे. अर्थात् हे शब्द यंत्रास रोमन लिपींतच टंकून द्यावे लागतात. नांव केवळ आपल्या सोयीचें आहे. आयर्लंड आणि इस्रायल हे देशही आपल्या वेळेस हींच तीन अक्षरें लावतात. यंत्र हिशेब करतें तो आंकड्यांवरून.

फरक सांगून झाल्यावरच तास-मिनिटें लावावीं. कित्येक जण उलट करतात. आधीं दुपारचे दोन लावतात. यंत्राला फरक ठाऊक नसल्यामुळें तें ‘जागतिक वेळेचे दोन’ असें समजून चालतें. मागाहून साडेपांच तासांचा फरक सांगितला कीं पडद्यावर संध्याकाळचे साडेसात दिसूं लागतात, आणि लावणारा यंत्राला दोष देतो! वेळ ‘क्लॉक सेट’ या आज्ञेनें द्यावयाची असते: चोवीस तासांच्या रीतीनें तास, मिनिटें, सेकंद, मग दिवस, महिना व चार आंकडी वर्ष. पुढच्या पूर्ण मिनिटाची वेळ टंकून तयार ठेवावी आणि विश्वासाच्या घड्याळांत तें मिनिट भरतांच कळ दाबावी. पूर्वीं रेडिओवरील ठोक्यांबरोबर घरोघरीं घड्याळें लावीत, तीच ही युक्ति. मात्र मोबाइलवरून ऐकूं येणारा कार्यक्रम कांहीं सेकंद मागून येतो. त्याच्या भरंवशावर हें काम करूं नये.

तिसरी गोष्ट रोजनिशीची. नोंदींस तारीख-वेळ पडावी, ती स्थानिक असावी आणि तिच्याशेजारीं वेळेचें नांवही छापलें जावें, हें या स्विचांत निराळें सांगावें लागतें. तें न सांगितल्यास घड्याळ बरोबर असूनही नोंदी जागतिक वेळेनें पडतात. रखवालदाराच्या प्रकरणीं हीच एक ओळ राहून गेली होती.

एवढें करून हातानें लावलेलें घड्याळ टिकतें किती? आंत एक गारेचा स्फटिक कंप पावत असतो, त्याच्या कंपनांवर सेकंद मोजले जातात. साधारण प्रतीचा स्फटिक दहा लक्षांत वीस भागांनीं चुकूं शकतो. ही चूक लहान वाटते. पण दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ पन्नास सेकंद होतात. त्याहून मोठी अडचण विजेची. पुष्कळ स्विचांत घड्याळासाठीं बॅटरी नसते. वीज गेली कीं वेळ विसरली. सिस्कोचे असे बिनबॅटरीचे स्विच पुन्हा जागे होतात ते १ मार्च १९९३ च्या मध्यरात्रीं! इतर कांहीं यंत्रें १ जानेवारी १९७० या तारखेस जागीं होतात, कारण त्यांची कालगणना तेथूनच सुरू होते. आमच्याकडे उन्हाळ्यांत वीज किती वेळां जाते, हें सांगावयास नको. अशा स्विचच्या रोजनिशींत १९९३ सालचा मार्च महिना वर्षांतून कितीदां उगवत असेल! आणि त्या अवस्थेंत तो सुरक्षित संबंध जोडूं गेला तर दुसरी गंमत होते: समोरच्याचें ओळखपत्र अलीकडच्या सालचें असतें, आणि १९९३ मध्यें वावरणाऱ्या यंत्राच्या मतें तें अजून लागूच झालेलें नसल्यामुळें तें नाकारलें जातें.

म्हणून हातानें वेळ लावणें हा तात्पुरता उपाय समजावा. खरा उपाय म्हणजे यंत्रानें जाळ्यावरील दुसऱ्या जाणत्या यंत्रास वरचेवर वेळ विचारीत रहाणें. या विचारण्याचे नियम अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनीं बसविले; ते १९८५ सालीं ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’, संक्षेपानें ‘एन. टी. पी.’, या नांवानें प्रसिद्ध झाले. मिल्स २०२४ च्या जानेवारींत वारले. त्यांची युक्ति इतकी सुंदर आहे कीं तीवर थोडा वेळ खर्च करणें मला योग्य वाटतें.

अडचण अशी: शेजाऱ्याकडे मुलाला पाठवून वेळ विचारली, तर मूल परत येईपर्यंत ती वेळ शिळी होते. किती शिळी झाली हें कसें कळावें? मिल्स यांनीं चार नोंदी ठेवावयास सांगितल्या. समजा, आपल्या घड्याळांत बरोबर दहा वाजले असतां निरोप निघाला. शेजाऱ्यास तो मिळाला तेव्हां त्याच्या घड्याळांत दहा वाजून ७ सेकंद झाले होते. त्यानें उत्तर पाठविलें तें ८ व्या सेकंदास. आपणांस उत्तर मिळालें तेव्हां आपलें घड्याळ दहा वाजून ५ सेकंद दाखवीत होतें. जातांना दिसलेला फरक ७, येतांना दिसलेला फरक ८ वजा ५, म्हणजे ३. दोहोंची सरासरी ५. आपलें घड्याळ ५ सेकंद मागें आहे! प्रवासाचा वेळही निघतो: एकूण ५ सेकंद गेले, त्यांतील १ सेकंद शेजाऱ्यानें स्वतःजवळ घालविला, उरले ४; म्हणजे जातांना दोन आणि येतांना दोन. प्रत्यक्षांत हे आंकडे सेकंदाच्या हजाराव्या भागांत असतात. या गणितांत एक गृहीत आहे, तें लपवूं नये. जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला असें आपण धरलें. तसें नसेल, तर दोहोंतील फरकाच्या निम्म्यानें उत्तर चुकतें. म्हणून शहाणें यंत्र एकाच शेजाऱ्यावर विसंबत नाहीं. तीन-चार जणांस विचारतें, आणि जो फटकून बोलतो त्यास वगळतें.

फरक थोडा असेल तर घड्याळ एकदम ढकलीत नाहींत. त्याची चाल किंचित् जलद किंवा मंद करून तें हळूहळू जागेवर आणतात, म्हणजे रोजनिशींत एकच सेकंद दोनदां येत नाहीं. फरक फार असेल तर संगणकांवरील मूळचा प्रोग्रॅम निराळाच वागतो. १,००० सेकंदांहून, म्हणजे सुमारें पावणेसतरा मिनिटांहून, अधिक अंतर दिसलें कीं ‘कांहीं तरी मुळांतच बिघडलें आहे’ असें समजून तो काम सोडतो. मद्रास आणि मुंबई यांच्या वेळांत अर्ध्या तासाचें अंतर होतें. तो प्रोग्रॅम फर्ग्युसनसाहेबांच्या बाजूनेंही उभा राहिला नसता.

विचारावयाचें कोणास, तर येथें गुरुपरंपरा आहे. मुळाशीं अणुघड्याळ. सीझियम धातूच्या अणूशीं निगडित अशा ९,१९,२६,३१,७७० कंपनांस एक सेकंद म्हणावें, असें १९६७ सालीं जगानें ठरविलें. अणुघड्याळास थेट जोडलेलें यंत्र पहिल्या पायरीवर, त्यास विचारणारें दुसऱ्या पायरीवर, असें पंधराव्या पायरीपर्यंत चालतें. सोळा हा आंकडा दिसला, तर या यंत्रास गुरु भेटलेला नाहीं असें समजावें. आपल्या देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंत सांभाळली जाते, आणि ती प्रयोगशाळा जाळ्यावरून वेळ देतेही. संगणक-सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं आदेश काढून संस्थांना सांगितलें कीं, यंत्रांचीं घड्याळें या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या वेळेशीं, अथवा त्यांच्याशीं जुळणाऱ्या उगमाशीं, मिळवून ठेवावीं, आणि रोजनिशी १८० दिवस जपून ठेवावी. २०२५ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें भारतीय प्रमाणवेळ कायद्यानें सर्वत्र लागू करण्याच्या नियमांचा मसुदाही प्रसिद्ध केला. अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद व गुवाहाटी येथील प्रयोगशाळांतून ही वेळ देशभर पोंचविण्याची योजना आहे. १९०६ सालीं जें काम हुकमानें आणि भोंग्यांनीं झालें, तें या वेळीं तारांतून व्हावयाचें आहे.

आमच्यासारख्या तालुक्याच्या गांवीं एक व्यवहारी सूचना. इंटरनेटची तार तुटते, कधीं दिवस दिवस जोडली जात नाहीं. म्हणून संस्थेंतील सर्व यंत्रांनीं दिल्लीस हांक मारण्यापेक्षां एका यंत्रानें बाहेर विचारावें आणि बाकीच्यांनीं त्यास विचारावें. बाहेरचा संबंध तुटला तर त्या एकाबरोबर सगळीं थोडीं थोडीं सरकतील, पण एकमेकांशीं जुळून रहातील. आणि चौकशीच्या वेळीं ‘आधीं काय घडलें, मग काय घडलें’ हा क्रम तरी शाबूत राहील. त्या एका यंत्राला बॅटरीचा आधार द्यावा. वीज येऊन स्विच जागा झाल्यावर कांहीं मिनिटें थांबून त्याची वेळ पहावी. सिस्कोच्या स्विचांत वेळेच्या आधीं फुली दिसली तर यंत्राचाच त्या वेळेवर विश्वास नाहीं, टिंब दिसलें तर वेळ लावलेली आहे पण गुरूशीं गांठ तुटली आहे, आणि दोन्ही नसतील तर सर्व ठीक आहे.

शेवटीं एक लहानसा घोंटाळा सांगून ठेवतों. कांहीं यंत्रांत साडेपांचाचा आंकडा देण्याऐवजीं गांवांच्या यादींतून गांव निवडावें लागतें. तींत मुंबई किंवा दिल्ली शोधूं नये. भारतासाठीं बहुधा कोलकाता हेंच नांव असतें, मग आपण कोठेंही रहात असूं. ज्या शहरानें १९४८ पर्यंत स्वतःची निराळी वेळ सोडली नाहीं, त्याचेंच नांव आज सगळ्या देशाच्या वेळेस मिळालें आहे. त्याच पानावर ‘उन्हाळी वेळ’ असा एक रकाना असतो, तो रिकामा ठेवावा. आपल्याकडे महायुद्धाच्या काळांत, १९४२ पासून १९४५ पर्यंत, घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं. आज तो प्रकार आपल्याकडे नाहीं.